भूमी गेली, माणसे राहिली

जन्मतः ज्या बाळाचे वजन अडीच हजार ग्रॅमपेक्षा कमी भरते ते ‘कमी वजनाचे बाळ’, ही व्याख्या आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केली आणि पुढे तिचे मूळ शोधण्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही. हा आकडा १९१९ साली बर्लिनमधील एका बालरुग्णालयात काम करणाऱ्या आर्वो यूल्पो नावाच्या फिनिश डॉक्टरांनी सुचविला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ‘जगण्यास असमर्थ’ म्हणून बाजूला ठेवण्याचा तो काळ होता. यूल्पो स्वतःच अपुऱ्या दिवसांचे होते असे सांगतात; ते खरे असेल तर त्यांनी वैद्यकाच्या त्या निकालावर चांगलाच सूड उगवला, कारण १८८७ साली जन्मलेले हे गृहस्थ १९९२ साली, वयाची एकशे चार वर्षे पूर्ण करून निवर्तले. त्यांच्याविषयी वाचता वाचता मी बालरोगशास्त्राची वाट सोडून त्यांच्या देशाच्या इतिहासात शिरलो. युद्धात भूमी गमावलेले राष्ट्र पुन्हा स्वतःला ‘आम्ही’ कसे म्हणू लागते, आणि त्या ‘आम्ही’ची घडण करण्यात राज्यकर्त्यांचा हात किती असतो, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून आहे. वैद्यकीय स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कुणास वाटेल. परंतु फिनलंडच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर, निदान अर्धे उत्तर, प्रसूतिगृहात आणि शाळेच्या भोजनगृहात सापडते, आणि ते प्रांत आपलेच आहेत.

फिनलंडची राष्ट्रीय अस्मिता घडविणारा आद्य पुरुषही डॉक्टरच होता, हे येथे सांगितले पाहिजे. एलियास लोन्रोट हा एकोणिसाव्या शतकातला कायानी येथील जिल्हा वैद्य. पटकी, हगवण आणि दुष्काळ यांच्याशी झुंजत असताना मिळेल तेवढ्या रजेत तो पायी हिंडला, खेड्यांतील वृद्ध गायकांकडून प्राचीन गीते उतरवून घेतली आणि त्यांतून ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले. त्याची पहिली आवृत्ती १८३५ची, विस्तारित आवृत्ती १८४९ची. सहा शतके स्वीडनच्या आणि १८०९पासून रशियाच्या झारच्या अंमलाखाली असलेल्या लोकांना ‘आपलेही काही आहे’ ही जाणीव या ग्रंथाने दिली. ही गीते बव्हंशी ज्या प्रदेशातून आली त्याचे नाव कारेलिया. संगीतकार सिबेलियसने पुढे ‘कारेलिया’ नावाची रचना केली, चित्रकार तिकडे यात्रेला जावे तसे गेले. म्हणजे १९१७ साली स्वतंत्र झालेल्या फिनलंडच्या मनात कारेलिया हा केवळ पूर्वेकडील एक प्रांत नव्हता. राष्ट्राचे माहेर म्हणावे असे ते स्थान होते. नेमका हाच प्रदेश गेला.

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर आक्रमण केले. सदतीस लाख लोकसंख्येच्या या देशाने एकशे पाच दिवस, उणे तीस-चाळीस अंश तापमानात, प्रचंड शत्रूला थोपवून धरले. त्या ‘हिवाळी युद्धा’च्या शौर्यकथा सर्वत्र वाचावयास मिळतात, त्यामुळे त्यात मी येथे शिरत नाही. मार्च १९४०च्या मॉस्को तहाने कारेलियाची संयोगभूमी, लाडोगा सरोवराचा काठ आणि देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर व्हीपुरी सोव्हिएतांकडे गेले. एकूण भूमीचा सुमारे दशांश. तहास संमती देताना राष्ट्राध्यक्ष क्यूस्ती काल्लिओ यांनी, असल्या कागदावर सही करणारा हात झडो, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात लुळा पडला. डिसेंबरात पदत्याग करून गावी जाण्यासाठी ते हेलसिंकीच्या स्थानकावर आले असता, निरोपाचे संचलन चालू असतानाच कोसळले आणि गेले. आपण डॉक्टर मंडळी याला रक्तदाब आणि मेंदूतील रक्तवाहिन्या म्हणू. फिन लोकांनी याला काय म्हटले असेल ते सांगावयास नको. पराभवाला असा देह मिळाला की तो विसरणे अशक्य होते.

त्या तहानंतर पूर्वेकडील चार लाखांवर माणसे घरदार सोडून पश्चिमेस आली. लोकसंख्येत दर नऊ माणसांमागे एक निर्वासित. राहायचे की जायचे हा निर्णय त्यांच्यावर सोपविला होता, तरी जवळजवळ कुणीही मागे राहिले नाही. दुभती जनावरे हाकत, बर्फातून, लेकरे घोंगड्यात गुंडाळून ही माणसे निघाली.

भूमी गमावल्यावर राज्यकर्त्यांपुढे दोन वाटा असतात. एक, जखम सतत उघडी ठेवणे. पहिल्या महायुद्धानंतर १९२०च्या त्रिआनोन तहाने हंगेरीचा दोन-तृतीयांशाहून अधिक प्रदेश गेला. तेथील राज्यकर्त्यांनी ही वाट धरली. शाळा भरताना आणि सुटताना मुलांकडून अखंड हंगेरीवरील श्रद्धेची प्रार्थना म्हणवून घेतली जाई. बुडापेस्टच्या एका चौकातील ध्वज कायमचा अर्ध्यावर उतरविलेला असे. अन्याय झाला होता हे खरेच, कारण लाखो मग्यार भाषिक सीमेपलीकडे राहिले. पण ज्या पिढीने ती प्रार्थना सहाव्या वर्षी पाठ केली ती विशीत आली तेव्हा हिटलरच्या मदतीने काही भूमी परत मिळाली, आणि महायुद्ध संपताना ती सगळी पुन्हा गेली. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी काय द्यावे, याचा विचार करणे हा माझा रोजचा धंदा असल्याने असेल, मला त्या प्रार्थनेचे फार भय वाटते.

फिनलंडने दुसरी वाट धरली असे म्हणून मोकळे होता आले असते तर हा लेख सोपा झाला असता. वस्तुतः त्यानेही आधी पहिलीच वाट धरून पाहिली. जून १९४१मध्ये जर्मनीच्या बरोबरीने फिनलंड पुन्हा युद्धात उतरला. गेलेला कारेलिया परत घेतला, एवढ्यावर थांबला नाही. जी भूमी कधीच फिनलंडच्या राज्यात नव्हती त्या पूर्व कारेलियातही सेना घुसली. सरसेनापती मानरहाइम यांनी, कारेलिया मुक्त झाल्याखेरीज तलवार म्यान करणार नाही, या आपल्या १९१८च्या प्रतिज्ञेचा दाखला जुलै १९४१च्या आदेशात दिला. ‘बृहद् फिनलंड’चे नकाशे निघाले. व्यापलेल्या प्रदेशातील रशियन वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले गेले आणि त्यांत उपासमारीने व रोगांनी चार हजारांवर माणसे मेली, ज्यांत मुलेही होती. गमावलेल्या भूमीचे दुःख दुसऱ्याच्या लेकरांना किती सहज उपाशी मारू शकते, हे कालेवालाच्या या सुसंस्कृत देशानेही दाखवून दिले. फिनिश इतिहासकारांनी ही गोष्ट पुढे उघडपणे लिहिली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

सप्टेंबर १९४४मध्ये युद्धविराम झाला. कारेलिया दुसऱ्यांदा गेला, आणि आता उत्तरेकडील पेत्सामोही गेले. १९४१नंतर जे सुमारे अडीच-पावणेतीन लाख लोक परत जाऊन जळक्या घरांवर छपरे घालून बसले होते ते दुसऱ्यांदा उठले. त्याखेरीज तीस कोटी डॉलर किमतीच्या मालाची युद्धभरपाई, हेलसिंकीच्या अगदी जवळचा पोरक्काला हा भाग नाविक तळासाठी भाड्याने, कालच्या मित्राला म्हणजे जर्मन सेनेला लॅपलँडातून हुसकावण्याची अट, आणि युद्धास ‘जबाबदार’ पुढाऱ्यांवर खटले. उत्तरेस माघार घेताना जर्मनांनी रोव्हानिएमी शहर जाळले. एवढ्या राखेतून ‘आम्ही’ कोण, याचे उत्तर नव्याने द्यावयाचे होते.

हे उत्तर तीन माणसांनी तीन प्रकारे दिले, आणि गंमत अशी की तिघांनाही त्यासाठी आपल्याच पूर्वायुष्याच्या विरुद्ध जावे लागले.

पहिले मानरहाइम. १९१८च्या यादवी युद्धात ते ‘श्वेत’ पक्षाचे सेनापती होते. ‘लाल’ पक्षाच्या बारा हजारांहून अधिक बंदिवानांनी त्या विजयानंतरच्या छावण्यांत भुकेने आणि साथीने प्राण सोडले होते. कामगार वस्त्यांमध्ये मानरहाइम हे नाव प्रेमाने घेतले जात नसे. दरवर्षी १६ मे रोजी श्वेत विजयाचा सोहळा होई, आणि अर्धा देश त्या दिवशी दारे लावून बसे. १९४०च्या वसंतात त्याच मानरहाइम यांनी हा विजयदिन बंद करून त्याऐवजी मे महिन्यातील एक रविवार सर्व मृतांच्या स्मृतीसाठी राखून ठेवला. हिवाळी युद्धात पडलेल्यांसाठी, आणि १९१८मध्ये दोन्ही बाजूंनी आपापल्या निष्ठेपायी प्राण दिलेल्यांसाठी. कॅलेंडरातील एका तारखेचा हा बदल. माझ्या मते संपूर्ण कहाणीत याहून मोठे राजकीय कृत्य दुसरे नाही. आपला विजय ज्याला सोडता येतो त्यालाच इतरांना त्यांचा पराभव सोडायला सांगण्याचा अधिकार पोचतो. युद्धात पडलेल्या सैनिकांचे देह शक्य तेथे आघाडीवर न पुरता प्रत्येकाच्या गावी आणले जात आणि गावच्या चर्चच्या आवारात सारखेच दगड लावून पुरले जात. लाल घरचा मुलगा आणि श्वेत घरचा मुलगा शेजारी शेजारी. १० मे १९४२च्या मातृदिनी मानरहाइम यांनी देशातील समस्त मातांना मिळून स्वातंत्र्यपदक दिले. त्या आदेशाच्या चौकटीतील प्रती चर्चमधून लावल्या गेल्या. त्यात प्रचार होताच, युद्ध चालू होते. पण पदक कुणाच्या छातीवर लागते यावरून राष्ट्र कुणाला राष्ट्र मानते ते कळते.

दुसरे युहो कुस्ती पासिकिवी. १८७० साली जन्मलेला हा बँकेत मुरलेला, तापट, दैनंदिनी लिहिणारा म्हातारा १९४४च्या अखेरीस पंतप्रधान आणि १९४६ साली राष्ट्राध्यक्ष झाला. १९३९मध्ये क्रेमलिनमध्ये वाटाघाटी करणारा हाच. त्याची शिकवण एका वाक्यात सांगायची तर भूगोल बदलता येत नाही, आणि वस्तुस्थिती मान्य करणे हा शहाणपणाचा आरंभ होय. ६ डिसेंबर १९४४च्या स्वातंत्र्यदिनी, म्हणजे ज्या दिवशी शौर्याची भाषणे करावयाची त्या दिवशी, त्याने लोकांना सांगितले की येथून पुढे पूर्वेकडील महान शेजाऱ्याशी असलेले संबंध हेच आपल्या परराष्ट्रनीतीचे सूत्र राहील. टाळ्या मिळविणारे भाषण ते नव्हते. असाध्य व्याधीचे निदान रोग्याच्या नातेवाइकांना सरळ शब्दांत सांगणाऱ्या जुन्या वैद्यांची जात त्यात दिसते. ‘बघू या, काहीतरी होईल’ हे वाक्य आपण किती वेळा निव्वळ सोय म्हणून वापरतो ते ज्याचे त्याला ठाऊक.

तिसरे उर्हो केक्कोनेन, आणि हे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे. तरुणपणी ते कारेलियाच्या मुक्तीचे स्वप्न पाहणाऱ्या विद्यार्थिसंघटनेत होते. मार्च १९४०मध्ये तहाला विरोध करणाऱ्या मोजक्या खासदारांत ते होते. १९४० ते १९४३ निर्वासितांच्या साहाय्य केंद्राचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते, म्हणजे बोचकी घेऊन उतरणारी माणसे त्यांनी जवळून पाहिली होती. आणि सप्टेंबर १९४४मध्ये, युद्धविरामास आठवडा उलटतो न उलटतो तोच, याच केक्कोनेन यांनी आकाशवाणीवरून ‘परंपरागत शत्रू’शी चांगल्या शेजारधर्माने वागण्याचे आवाहन केले. संधिसाधू म्हणावे काय? काही फिन आजही म्हणतात. १९५६पासून पंचवीसहून अधिक वर्षे ते राष्ट्राध्यक्ष राहिले, आणि अखेर मेंदूच्या विकाराने स्मृती दगा देऊ लागल्यावरच खुर्ची सुटली. गेलेल्या प्रदेशाबद्दल सोव्हिएत नेत्यांशी त्यांनी खासगीत बोलून पाहिले. हाती लागला तो साइमा कालव्याच्या सोव्हिएत हद्दीतील भागाचा १९६२चा भाडेकरार. आपल्याच पूर्वजांनी खणलेला कालवा भाड्याने घ्यायचा! तोही त्यांनी घेतला, आणि १९६८मध्ये वाहतूक पुन्हा सुरू केली. १९७५ साली युरोपातील सीमा बळाने बदलू नयेत या करारावर सह्या करण्यासाठी पस्तीस देशांचे नेते जमले ते हेलसिंकीत, यजमान केक्कोनेन. ज्याचे घर गेले त्याच्याच अंगणात वाटणीच्या कागदावर सह्या झाल्या, असे म्हटले तर चूक नाही.

पुढाऱ्यांचे एवढे गुणगान पुरे. भाषणांनी राष्ट्र घडत नाही. भाषणांमागे जमीन, दूध आणि दप्तर लागते. ५ मे १९४५च्या भूसंपादन कायद्याने निर्वासित शेतकरी, आघाडीवरून परतलेले सैनिक आणि युद्धविधवा यांना जमिनी दिल्या गेल्या. सरकारची, चर्चची, कंपन्यांची जमीन घेतलीच, पण मोठ्या शेतकऱ्यांच्या जमिनीचेही तुकडे पाडले. मला विशेष वाटले ते असे, की माणसे यादीतील क्रमांकाप्रमाणे न विखुरता शक्यतो जुन्या गावातले शेजारी नव्या ठिकाणीही शेजारी येतील अशी वाटणी केली गेली. एकाच पिढीत, एका निर्वासित छावणीचाही कलंक मागे न उरता, चार लाख माणसे देशात मुरली. ज्या देशांत निर्वासितांच्या छावण्या पुढाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवल्या त्यांच्याकडे पाहिले म्हणजे या कामाची किंमत समजते.

अर्थात मुरली म्हणजे सुखाने मुरली असे नव्हे. कारेलियन बोली, मोकळा बोलका स्वभाव, काहींचा ऑर्थोडॉक्स पंथ. पश्चिमेकडील लूथरपंथी, अबोल गावकऱ्यांना ही माणसे रशियनच वाटत. शाळेत त्यांच्या पोरांना रशियनांसाठी वापरला जाणारा अपशब्द ऐकावा लागे. कित्येकांनी आडनावे बदलली, मुलांशी घरची भाषा बोलणे सोडले. कारेलियन भाषेला फिनलंडात अधिकृत मान्यता मिळाली ती २००९ साली, बोलणारे फार थोडे उरल्यावर. आपण इंदूरकर मंडळी, घरात मराठी आणि दारात हिंदी असा संसार दोनशे वर्षे करीत आलो, तेव्हा हे वेगळे समजावून सांगायला नको. बरे, आपले इंदूर राजधानी झाले तेही एका गमावलेल्या युद्धामुळेच. डिसेंबर १८१७मध्ये महिदपूरची लढाई हरल्यावर मंदसौरच्या तहाने होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख गेला, आणि लहान झालेल्या राज्याचा कारभार बाल मल्हाररावांच्या नावाने या शहरातून सुरू झाला. विषयांतर झाले खरे, पण अगदीच असंबद्ध नव्हे.

आता आपल्या प्रांतात येऊ. यूल्पो १९२०मध्ये बर्लिनहून परतले आणि त्याच वर्षी मानरहाइम, त्यांची परिचारिका असलेली बहीण सोफी आणि यूल्पो यांनी मिळून बालकल्याण संघ काढला. उद्देश दुहेरी होता. त्या काळी दहा बाळांतील जवळजवळ एक बाळ वर्षाच्या आत दगावत असे. ते थांबवावयाचे, आणि लाल-श्वेत फाळणी बाळाच्या पाळण्याशी तरी मिटवावयाची. १९२२मध्ये हेलसिंकीत पहिले बाल-सल्ला केंद्र उघडले. निरोगी बाळाला डॉक्टर-परिचारिकेकडे न्यावयाचे, वजन करावयाचे, आईशी बोलावयाचे. आज आपल्या ‘वेल बेबी क्लिनिक’मध्ये चालते तेच.

या रोपट्याचा वृक्ष झाला तो नेमका पराभवाच्या वर्षांत, हे तारखा शेजारी शेजारी मांडल्या की दिसते. शाळेत सर्व मुलांना मोफत दुपारचे जेवण देण्याचा कायदा १९४३चा. पाच वर्षांची मुदत दिली होती, १९४८पासून तो सर्वत्र लागू झाला. सुरुवातीस सूप आणि लापशी, तीही मुलांनीच रानातून वेचलेल्या फळांची भर घालून. प्रत्येक नगरपालिकेने व ग्रामपालिकेने माता-बाल सल्ला केंद्र आणि सुईण ठेवलीच पाहिजे, हा कायदा मार्च १९४४चा, म्हणजे हेलसिंकीवर मोठे हवाई हल्ले होऊन महिना झाला होता तेव्हाचा. प्रत्येक मुलामागे भत्ता, १९४८. गरीब मातांसाठी १९३८पासून चालू असलेली बाळंतविड्याची पेटी १९४९मध्ये सरसकट सर्व मातांना मिळू लागली. अट एकच, चौथा महिना संपण्यापूर्वी गरोदर बाईने डॉक्टर वा सुईण यांच्याकडे तपासून घेतले पाहिजे. पेटीत बाळाचे कपडे, दुपटी, अंथरूण, आणि रिकाम्या पेटीत बाळ झोपवता येई. युद्धकाळात कापड मिळेना तेव्हा काही वस्तू कागदाच्या दिल्या गेल्या. ज्याने प्रसूतिपूर्व तपासणीसाठी बायकांच्या मिनतवाऱ्या केल्या आहेत त्यालाच या अटीतील हुशारी कळेल. आज त्या देशातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी सुमारे दोन आहे.

कारेलियन निर्वासिताचे मूल, त्याला जागा देणाऱ्या नाखूश शेतकऱ्याचे मूल आणि लाल कामगाराचे मूल एकाच बाकावर तीच लापशी खात होते, एकाच नमुन्याच्या पेटीत झोपले होते. नव्या फिनलंडचा ‘आम्ही’ हा असा घडला, असे माझे मत आहे. इतिहासकार याला कदाचित बालरोगतज्ज्ञाचा पक्षपात म्हणतील.

परंतु याच मुलांच्या हिशेबात एक मोठी वजाबाकी आहे. युद्धकाळात सुमारे सत्तर हजार फिनिश मुले, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून, सुरक्षिततेसाठी मुख्यतः स्वीडनला पाठविली गेली. हेतू निर्मळ होता, तिकडच्या कुटुंबांचे प्रेमही खरे होते. मुले चार-चार वर्षे राहिली, मातृभाषा विसरली. परत आली तेव्हा आई परकी आणि मागे सोडलेली स्वीडिश बाईच आई. सुमारे पंधरा हजार परतलीच नाहीत. देशाने या विषयावर पुढे दीर्घकाळ मौन पाळले, कारण कुणाला दोष द्यावा? १९३४ ते १९४४ या काळात हेलसिंकीत जन्मलेल्यांच्या जन्मनोंदी जपून ठेवलेल्या असल्याने साठ वर्षांनंतर त्यांचा अभ्यास झाला. लहानपणी आईबापांपासून तुटलेल्या या मुलांत उतारवयात नैराश्याची लक्षणे, हृदयविकार आणि मधुमेह यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. याच हेलसिंकी नोंदींवर डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भावस्थेतील पोषण व प्रौढपणीचे विकार यांचा संबंध तपासला, आणि त्याच विचाराचा धागा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात आपल्याला भेटतो. तहाच्या कागदावर भूमीचे क्षेत्रफळ लिहिलेले असते. हे मात्र कुठल्याच कलमात येत नाही.

मौन केवळ मुलांपुरतेच नव्हते. सोव्हिएतविरोधी पुस्तके ग्रंथालयांतून उचलली गेली, वृत्तपत्रे स्वतःच्याच लेखणीवर पहारा ठेवू लागली, कारेलियाचे नाव राजकारणात काढणे असभ्य मानले जाऊ लागले. माजी राष्ट्राध्यक्ष रिस्तो र्यूती यांना, घटनेनंतर केलेल्या कायद्याखाली, दहा वर्षांची शिक्षा झाली. ती अन्याय्य आहे हे शिक्षा देणाऱ्यांनाही ठाऊक होते. १९४९मध्ये माफी मिळाली तेव्हा प्रकृती ढासळली होती. १९५६मध्ये ते वारले तेव्हा मात्र राष्ट्राध्यक्षास साजेशा इतमामाने त्यांना निरोप दिला गेला. राजकारणात जे बोलता येत नव्हते ते साहित्यात आले. टॅम्पेरे येथील कापडगिरणीतला कामगार व्हायनो लिन्ना याची ‘अज्ञात सैनिक’ ही कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला सर्वांत लाडका सैनिक रोक्का हा कारेलियाचा, आपले शेत परत मिळवायला लढणारा आणि अधिकाऱ्यांना न जुमानणारा. तिच्यावरचा १९५५चा चित्रपट आता दर स्वातंत्र्यदिनी दूरचित्रवाणीवर दाखविला जातो, आणि त्यात विजय कुणाचाच नाही.

१९५२चा उन्हाळा या सगळ्याच्या मध्यावर येतो. १९४०मध्ये हुकलेले ऑलिंपिक अखेर हेलसिंकीत भरले, आणि सोव्हिएत संघ प्रथमच त्यात उतरला. आपल्या वाचकांना हे गाव ज्या नावाने माहीत आहे ते येथलेच: कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी याच स्पर्धेत फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. खाशाबा ज्या शहरात उतरले तेथून तेव्हाही भरपाईची यंत्रे आणि जहाजे पूर्वेकडे जातच होती. शेवटची आगगाडी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सीमेपार गेली. ही भरपाई चुकती करताना लाकूड-कागदाच्या देशाने पोलाद आणि जहाजबांधणीचे कारखाने उभे केले.

सोव्हिएत राजवट ढिली झाल्यावर, १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून, वृद्ध कारेलियन बसगाड्या भरभरून आपली गावे पाहावयास जाऊ लागले. बहुतेकांना सापडे ते जोते, एखादी विहीर, सफरचंदाचे झाड. भूमी परत मागणारा आवाज क्षीणच राहिला. एप्रिल २०२३मध्ये फिनलंडने पासिकिवी-केक्कोनेन यांची चौकट सोडून नाटोत प्रवेश केला आणि त्या वर्षअखेर तेराशेहून अधिक किलोमीटरच्या सीमेवरील नाकी बंद झाली, तेव्हा या यात्राही थांबल्या. व्हीपुरीत वास्तुविशारद आल्व्हार आल्टो यांनी १९३५ साली बांधलेले ग्रंथालय आहे. ते युद्धातून वाचले, मग वर्षानुवर्षे उघडे पडून होते, आणि फिनिश व रशियन तज्ज्ञांनी मिळून वीस वर्षांच्या खटपटीनंतर २०१३ साली ते पूर्ववत उभे केले. छताला वर्तुळाकार काचेच्या खिडक्या आहेत, वाचणाऱ्याच्या पानावर सावली पडू नये म्हणून. तेथे आता मुले रशियन पुस्तके वाचतात.